आधी छप्पर, मग फरशी

यवतमाळ जिल्ह्यातील जुनी राहती घरे ढोबळमानाने तीन पिढ्यांची आहेत. पहिल्या पिढीतील घर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे असते. त्यात सागवानी खांब आणि मयाली, वर कवेलू, पुढे ओसरी, मधे माजघर, मागे आंगण आणि विहीर असा विस्तार असतो. दुसरी पिढी कापसाच्या पैशावर उभी राहिली. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे गेला. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद मापाची रेल्वे धावू लागली. तिला लोक आजही ‘शकुंतला’ म्हणतात. या काळातल्या व्यापाऱ्यांच्या घरांत चुन्यातली वीट, सागवानी माडी आणि इंग्रजी कवेलू दिसतात. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यापासून ज्या चपट्या कवेलूंचा देशभर प्रसार झाला, तेच हे इंग्रजी कवेलू. तिसरी पिढी साधारण १९६० ते १९९० या काळातली आहे. सिमेंटचा स्लॅब, मोझॅकची फरशी, लोखंडी गज, कडप्प्याचा ओटा आणि भिंतीवरून लाकडी पट्टीतून फिरवलेली वायर या तिच्या खुणा.

तिन्ही पिढ्यांची घरे आज एकाच शब्दाने ओळखली जातात, तो शब्द म्हणजे ‘जुने’. या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. घरातली एखादी वस्तू जीर्ण झालेली असते, एखादी धोक्याची असते, एखादी गैरसोयीची असते, तर एखादी फक्त चालीतून गेलेली असते. कुजलेली मयाल जीर्ण आहे, अर्थिंग नसलेली वायर धोक्याची आहे, आंगणापलीकडचा संडास गैरसोयीचा आहे आणि ठिपक्यांची मोझॅक फरशी फक्त चालीतून गेली आहे. पहिल्या तिन्हींवर खर्च टाळता येत नाही. चौथीवरचा खर्च हौसेचा असतो आणि हौसेला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. अडचण होते ती क्रम उलटा झाल्यावर. घरात लग्न ठरले किंवा सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की सुरुवात बैठकीच्या खोलीतील छताच्या नक्षीपासून आणि चकचकीत फरशीपासून होते. गळके छप्पर आणि जुनी वायर पुढच्या वर्षावर टाकली जाते. दोन पावसाळ्यांत नक्षी फुगते, फरशी पोकळ वाजू लागते आणि झालेला खर्च वाया जातो. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार आहे.

जुन्या घरातील कोणती गोष्ट खरोखर कालबाह्य झाली, हे ठरवण्याची कसोटी चित्रातल्या घरावरून घेता येत नाही. ती या जिल्ह्याच्या हवामानातून आणि जमिनीतून घ्यावी लागते. मे महिन्यात येथे पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. वर्षाचा पाऊस साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर असतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ऊन, पाऊस आणि हलती जमीन या तिन्हींना घराचा जो भाग आजही नीट तोंड देतो, तो कितीही जुना असला तरी कालबाह्य नाही. जो तोंड देत नाही, तो परवा बसवलेला असला तरी बदलण्याजोगा आहे.

या कसोटीवर पहिला क्रमांक छपराचा लागतो. कवेलूचे छप्पर उन्हाळ्यात घराला दिलासा देते, कारण भाजलेली माती उष्णता हळू आत सोडते आणि कवेलूंच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते. त्याच्या उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. दर उन्हाळ्याच्या अखेरीस कवेलू फेरावे लागतात. फेरणारे मजूर आणि हातचे कवेलू घडवणारे कुंभार आता गावोगाव मिळत नाहीत. शिवाय वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की महिन्याभराची मेहनत फुटते. या जिल्ह्यात कवेलू उतरून टिनपत्रे चढण्याचे एक मोठे कारण वानरे आहेत, आणि ते कारण हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण नुसता टिनपत्रा घराला भट्टी बनवतो. पत्रा टाकायचाच असेल तर त्याच्याखाली हातभर मोकळी जागा सोडून बुरडाने विणलेले बांबूचे तट्टे किंवा लाकडी पाटणी ठेवावी, आणि त्या पोकळीतली हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाऊ द्यावी. जुनी पाटणी शाबूत असेल तर ती काढून टाकण्याइतकी मोठी चूक नाही. तीच घराची उष्णतारोधक चादर असते.

सिमेंटचे पत्रे हा वेगळा विषय आहे. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. म्हणून असे पत्रे करवतीने कापू नयेत, त्यांना छिद्रे पाडू नयेत आणि ते आपटून फोडू नयेत. उतरवायचे असल्यास पाण्याने भिजवून अख्खे उतरवावेत.

स्लॅबच्या घराचा दोष कवेलूच्या घराच्या नेमका उलट आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकतो. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे. गच्चीची गळती बंद करून वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवला की बरेच ऊन परत फिरते. फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची पांढरी गच्ची हेच काम अधिक वर्षे करते. यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. विदर्भातल्या घरमालकाला धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही. चुन्याची बादली पुरते.

छपरानंतर भिंती आणि पाया. काळ्या मातीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघणे नेहमीचे आहे. सगळ्या भेगा सारख्या नसतात. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावी. पट्टी अभंग राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली आहे, ती भरून घ्यावी. पट्टी तडकली तर घर अजून हलत आहे, आणि अशा भिंतीवर रंग किंवा टाइल लावणे व्यर्थ आहे. बहुतेक वेळा दोष भिंतीखाली शिरणाऱ्या पाण्यात असतो. पागोळीचे पाणी जोत्याशी पडते, न्हाणीघराची मोरी झिरपते किंवा नाली फुटलेली असते. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला फरशीचा पट्टा केला आणि पाणी दूर नेले, तर अनेक भेगांची वाढ तिथेच थांबते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचे प्लास्टर करणे हा या भागातला सर्वांत रूढ आणि सर्वांत नुकसानीचा बदल आहे. मातीची भिंत जमिनीतला ओलावा वर घेते आणि दोन्ही अंगांनी वाळते. सिमेंटचा थर तिचे वाळणे बंद करतो. ओल आत कोंडते, माती मऊ पडते आणि काही वर्षांत प्लास्टरचा पापुद्रा मातीसकट गळून पडतो. दोष मातीचा ठरतो आणि भिंतच पाडली जाते. मातीच्या आणि चुन्यातल्या विटेच्या भिंतीला चुन्याचा गिलावाच मानवतो, कारण तो ओल बाहेर जाऊ देतो आणि भिंतीबरोबर थोडा हलतोही. कळीचा चुना भिजवून, पुरेसा मुरवून, रेती आणि विटेच्या भुकटीत कालवून हा गिलावा होतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्याला वेळ आणि पाणी दोन्ही द्यावे लागतात. आज याचे ज्ञान असलेला गवंडी शोधावा लागतो, ही खरी अडचण आहे. सामानाची अडचण मात्र नाही. वणी तालुक्यात राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला २०२२ मध्ये सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. एकाच पट्ट्यातल्या चुनखडीपासून चुनाही होतो आणि सिमेंटही. कुठल्या भिंतीला काय हवे, हा विवेक घरमालकाने करायचा आहे. स्लॅबच्या घराला सिमेंट आणि मातीच्या घराला चुना, इतके सूत्र पुरेसे आहे.

सागवानी सांगाड्याची तपासणी टोकांपासून करावी. मयाल मधोमध क्वचितच कुजते. भिंतीत दडलेले तिचे टोक आधी जाते, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. टोकाला टोचणी लावून पाहिली की पोकळी कळते. कुजलेला हातभर भाग कापून तिथे नवा सांधा करणारे सुतार अजून आहेत. त्यासाठी अख्खी मयाल बदलावी लागत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्यास त्या पुसून भागत नाही, जमिनीतून येणारी वाट औषधाने बंद करावी लागते. जुन्या दारा-चौकटींवरचे तैलरंगाचे थर काढताना सावध राहावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून ते कोरडे न घासता ओले करून खरवडावेत आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवावे. रंग निघाल्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात दिले की सागवान उजळते. जुने सागवान भंगाराच्या भावात विकून त्याजागी भुशाच्या पाट्यांची दारे बसवणे हा तोट्याचा सौदा आहे.

धाब्याच्या घरांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर फूट-दीड फूट मातीचा थर, ही रचना उन्हाळ्यात सुखाची असते, पण भूकंपात तीच जीव घेते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हेच घडले. यवतमाळला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा घरात सजावटीच्या आधी धाब्यावर वर्षानुवर्षे चढलेली जादा माती उतरवावी, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड बसवावेत आणि छपराखाली चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालावा.

यानंतर विजेचे काम येते. १९९० च्या आधीची वायरिंग चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ यांच्या हिशेबाने केलेली असते. अनेक ठिकाणी ती ॲल्युमिनियमची असते आणि तिचे सांधे सैल होऊन तापतात. आज तिच्यावर फ्रिज, पंप, मिक्सर आणि कूलर चालतात. विदर्भातला कूलर हा या संदर्भात सर्वांत गंभीर मुद्दा आहे. लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी आणि पंप, खाली ओली जमीन आणि दोन पिनांचा प्लग, अशी ही जोडणी असते. घरात अर्थिंग नसेल तर पेटीत उतरलेला प्रवाह हात लावणाऱ्याच्या शरीरातूनच जमिनीत जातो. म्हणून जुन्या घरात रंगाचा पहिला डबा येण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, अर्थिंगचा खड्डा. दुसरी, ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीवर वीज तोडणारे यंत्र. तिसरी, तांब्याची वायर, दिव्यांसाठी १.५ आणि प्लगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची, वातानुकूलन यंत्रासाठी ४ ची स्वतंत्र ओढ. चिनी मातीचे जुने कटआउट आणि काळे बॅकेलाइटचे बटण शोभेला ठेवावेत, वापरात नको. हे काम भिंतींच्या गिलाव्याआधीच करावे, नाहीतर नवी भिंत पुन्हा खोदावी लागते.

संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांतले बदल मात्र बिनदिक्कत करावेत. जुन्या रचनेची हळहळ येथे अस्थानी आहे. संडास घराबाहेर ठेवण्यामागे सोवळेओवळे होते, पाण्याची टंचाई होती आणि मैला वाहणाऱ्या माणसांचे शोषण होते. त्यांपैकी जपण्यासारखे काहीच नाही. सत्तरीच्या आईला रात्री पावसात आंगण ओलांडावे लागू नये, एवढे कारण पुरे आहे. खोलीला लागून पाश्चात्त्य बैठकीचा संडास, भिंतीत पक्के रोवलेले धरायचे दांडे, न घसरणारी खडबडीत फरशी आणि चाकाची खुर्ची जाईल इतके म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास रुंद दार, हे सर्व जुन्या घरात बसवता येते. उंच उंबरठा पायाला अडतो, तिथे छोटा उतार करावा. शोषखड्डा विहिरीपासून दूर असावा.

स्वयंपाकघरात चुलीच्या धुराचा प्रश्न गॅसने बराच सोडवला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतही सिलिंडर पोचले. पण चूल गेली तरी खोलीची रचना तीच राहिली. खिडकी लहान, मांडणी खाली, आणि ओटा आला तो कोणाच्याही उंचीचा विचार न करता. ओट्याची उंची रांधणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा चार-पाच बोटे खाली असावी. अनेक घरांत ती ८० ते ८५ सेंटिमीटर येते, पण गवंड्याच्या सवयीपेक्षा स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा हात मापावा. ओट्याखाली भुशाच्या पाट्यांची कपाटे पाण्याने फुगतात आणि वाळवीला आमंत्रण देतात. त्यापेक्षा कडप्प्याच्या फळ्या आणि त्यांना लाकडी दारे, ही जुनी पद्धत अधिक टिकते.

फरशीचा विचार आता करायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणारे बहुधा सारवणारे नसतात. आठवड्याला ओणव्याने घर सारवण्याचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केले आहेत. ते थांबवणे ही खरी सुधारणा आहे. फक्त मातीच्या जमिनीवर थेट टाइल बसवू नये. खाली मुरूम आणि दगडाचा थर ठोकून घ्यावा आणि मग शहाबादी फरशी किंवा कोबा करावा. काचेसारखी गुळगुळीत टाइल जमिनीची ओल वर येऊ देत नाही. ती ओल मग भिंतीत चढते. स्लॅबच्या घरातील मोझॅक मात्र बदलूच नये. यंत्राने घासून पॉलिश केली की ती पुन्हा नवी होते, कारण तिचा रंग वरवरचा नसून दगडाच्या चुऱ्याचाच असतो. तिच्यावर दुसरी टाइल चढवली की मजला उंचावतो आणि सगळी दारे खालून कापावी लागतात.

शेवटी उजेड आणि छत. जुन्या घराची सर्वांत रास्त तक्रार अंधाराची आहे. त्यासाठी मातीच्या भारवाही भिंतीत मोठी खिडकी फोडणे धोक्याचे असते. कवेलूंच्या रांगेत चार-सहा काचेचे कवेलू बसवले तर माजघर दिवसभर उजळते आणि भिंतीला धक्का लागत नाही. आंगण पत्रा टाकून झाकले की घराचा उजेड आणि वारा दोन्ही जातात, मग दिवसाही दिवे लावावे लागतात. कवेलूखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत करू नये. पहिल्या गळतीला ते फुगते, वरची गळती झाकून ठेवते आणि उंदरांना आयते घर मिळते. भिंतींना चुन्याचा रंग द्यावा, कारण प्लास्टिकचा रंग भिंतीचे वाळणे बंद करतो.

या सगळ्याला एक मोठा आक्षेप आहे. इतकी राखण करण्यापेक्षा पाडून नवे बांधणे सोपे नाही का? काही घरांबाबत उत्तर होकारार्थी आहे. पाया खचलेला असेल, सांगाडा पोखरलेला असेल, भेगांवरच्या काचा दरवर्षी तडकत असतील, तर पाडावेच. पण पाडण्याचा निर्णय पुष्कळदा घराच्या अवस्थेवरून होत नाही, शब्दावरून होतो. सरकारी गणनेत घर ‘कच्चे’ किंवा ‘पक्के’ असते आणि मातीची भिंत कच्च्यात मोडते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घरकुल याच विभागणीवर उभे आहे. ज्यांच्या डोक्यावर खरोखर धड छप्पर नव्हते त्यांना त्याचा मोठा आधार झाला. पण ‘कच्चे’ हा शब्द गावात प्रतिष्ठेचा प्रश्न बनला. जाडजूड, शंभर उन्हाळे पाहिलेली भिंत कच्ची आणि चार इंची विटेची खोली पक्की, असा हिशेब रूढ झाला. भिंत कच्ची की पक्की हे तिच्या सामानावरून ठरत नाही. ती कोरडी आहे का, सरळ आहे का आणि तिची दरवर्षी काळजी घेतली जाते का, यावरून ठरते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९३० च्या दशकात उभी राहिलेली मातीची, कवेलूची बापू कुटी आजही उभी आहे, ती नित्याच्या देखभालीमुळे.

म्हणून जुन्या घराच्या सुधारणेचा हिशेब क्रमाने मांडावा. आधी छप्पर आणि पाणी, मग भिंतींची डागडुजी आणि लाकूड, मग वीज आणि तिच्यानंतर गिलावा, मग संडास आणि स्वयंपाकघर, मग फरशी आणि सर्वांत शेवटी रंग व शोभा. हाती पैसे थोडे असतील तर यादी वरून सुरू करावी आणि पैसे संपतील तिथे थांबावे. रंग राहिला तरी घर राहण्याजोगे असते. छप्पर राहिले तर रंगही राहत नाही.